काळवीट, चारशे मीटर आणि एक गोळी

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. गावाभोवती माळ पसरलेला आहे. गुडघ्याखाली राहणारं कुसळी गवत, मध्येच उघडा मुरूम, लांबवर एखादी बाभळ किंवा हिवर, आणि माळ संपतो तिथून ज्वारीची रानं. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं. माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला. काळवीट मात्र टिकला, आणि सकाळच्या उन्हात त्याचा कळप अजून सहज नजरेला पडतो. आपल्याला तो दिसतो तेव्हा त्याने आपल्याला केव्हाच पाहिलेलं असतं. डोक्याच्या दोन्ही अंगांना मोठे डोळे, त्यांत आडवी बाहुली, त्यामुळे मान न वळवताही बहुतेक सगळा माळ त्याच्या नजरेखाली असतो. आपण चार पावलं पुढे सरकलो की एखादी मादी कान टवकारते आणि कळप तेवढाच मागे सरकतो. पळायचं ठरलंच तर एक जण चारी पाय उचलून उंच उडी घेतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पोचतो.

सांबर झाडीत दडतं. काळविटाला दडायला जागाच नाही, म्हणून त्याने अंतरालाच आपलं रक्षण करायला लावलं. त्याचा जुना वैरी चित्ता. चित्ता ताशी शंभर किलोमीटरच्या घरात धावतो, पण काही शे मीटरांत त्याचा दम संपतो. तेव्हा तो दिसला की पुरेसं लांब राहायचं, एवढा एक हिशेब काळविटाला पिढ्यानपिढ्या पुरला. मग दख्खनच्या या उघड्या माळांवर रायफल आली, आणि एक प्रश्न उभा राहिला जो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मला विलक्षण वाटतो: तीनशे-चारशे मीटरवर उभ्या असलेल्या हरणासाठी गोळी कशी असावी?

आपल्याकडे हा प्रश्न आता फक्त समजून घेण्यासाठी विचारायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून करायची शिकारही संपली, आणि काळवीट मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद ठरलेली आहे. हे योग्यच झालं असं मी मानतो. पण स्कॉटलंडमध्ये, जर्मनीत, अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये आजही दर हंगामात हरणांची शिकार होते आणि हजारो माणसं दुकानात उभी राहून हाच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर शोधताना हवा, उष्णता, पृथ्वीचं फिरणं आणि शिशाचा मऊपणा या सगळ्यांची गाठ पडते.

आधी वस्तू नीट पाहू. काडतूस उभं कापलं तर चार भाग दिसतात. पितळी नळकांडं, त्याच्या बुडाशी चापाच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी, आत दाणेदार दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. नळीतून बाहेर पडतं ते हे शेवटचं एवढंच. पोटात शिसं, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. पुढे अणकुचीदार, आणि लांब पल्ल्याची असेल तर मागेही किंचित निमुळती. अमेरिकेतल्या थर्टी-ओ-सिक्स या जुन्या, लोकप्रिय काडतुसाची १८० ग्रेनची गोळी घेऊ. वजन पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर. पुढचे बहुतेक आकडे याच गोळीचे आहेत.

नळी अगदी आडवी धरून चाप ओढला आणि त्याच क्षणी दुसरी गोळी हातातून नुसती सोडली, तर सपाट जमिनीवर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी टेकतात. सुटलेल्या गोळीलाही पृथ्वी तेवढ्याच जोराने खाली ओढते, वेगाची तिला फिकीर नसते. शंभर मीटर जायला आपल्या गोळीला सेकंदाचा आठवा भाग लागतो, तेवढ्यात ती ८ सेंटिमीटर खाली येते. दोनशे मीटरवर सुमारे ३५ सेंटिमीटर, तीनशेवर ८० च्या पुढे. चारशेवर दीड मीटरहून जास्त, म्हणजे काळविटाच्या खांद्यापर्यंतच्या उंचीच्या दुप्पट. पाचशेवर पावणेतीन मीटर. अंतर पाचपट झालं, पण घसरण तीस-पस्तीसपट. म्हणून नेम धरणारा नळी किंचित वर उचलतो, आणि किती उचलायची हे अंतरावर ठरतं. साडेतीनशे मीटर वाटलेलं हरीण प्रत्यक्षात चारशेवर असेल तर गोळी वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली जाते. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा, तिथे लागली तरच जनावर काही क्षणांत पडतं, आणि काळविटाच्या अंगात ती जागा वीतभर. नेमाच्या तेवढं खाली म्हणजे पाय मोडलेला काळवीट तीन पायांवर दोन दिवस फिरत राहणार.

अंतर आता लेसरने मोजता येतं. हवा मात्र मोजून संपत नाही.

हवा गोळीला किती अडवते याचा अंदाज माणसाला फार उशिरा आला. तोफगोळा जड, त्याला हवेचं काय, असं शतकानुशतकं धरून चालत. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक जड लोलक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लोलक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. मग बंदूक लांब नेत हाच प्रयोग पुन्हा केला. वेग इतका झपाट्याने घटत होता की आधीची सगळी कोष्टकं निरुपयोगी ठरली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आपल्या गोळीला नळीतून सुटताक्षणी हवा जो विरोध करते तो तिच्या स्वतःच्या वजनाच्या पन्नासपटीहून जास्त असतो. नाकासमोर हवा दबून इतकी तापते की तिथलं तापमान साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने काही वर्षांपूर्वी डॉप्लर रडार लावून गोळ्यांचा पाठलाग केला, तेव्हा काही गोळ्यांच्या टोकाला बसवलेलं प्लॅस्टिक उडता उडता मऊ होऊन आकार बदलतं असं आढळलं, आणि २०१५ च्या सुमारास त्यांनी उष्णता सोसणारं नवं टोक आणलं. अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या प्रवासात वितळण्याइतका ताप!

आडव्या वाऱ्याची गंमत याहून सूक्ष्म आहे. वारा गोळीला बाजूला ढकलतो, म्हणून जितका वेळ ती हवेत, तितकी ती वाहवत जाईल, असं आपण धरून चालतो. पण हिशेब तसा नाही. चारशे मीटरला आपल्या गोळीला सुमारे ०.५८ सेकंद लागतात. हवाच नसती तर ०.४९ सेकंद लागले असते. हवेमुळे जो उशीर झाला तो सेकंदाच्या अकराव्या भागाएवढा. वाऱ्याचा वेग गुणिले हा उशीर, एवढीच गोळी बाजूला जाते. ताशी चौदा-पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात, म्हणजे नान्नजच्या माळावर दुपारी सहज वाहणाऱ्या वाऱ्यात, ३५ ते ४० सेंटिमीटर. पुन्हा तो वीतभराचा हिशेब चुकला. यातून निवडीचा पहिला नियम निघतो: सुरुवातीचा वेग वाढवण्यापेक्षा उशीर कमी करणं मोलाचं. हलकी गोळी जास्त वेगाने सुटते खरी, पण वाटेत वेग पटकन गमावते. त्याच जाडीची लांब, जड, निमुळती गोळी जरा सावकाश सुटूनही दूरवर कमी भरकटते. गोळी हवेला किती कापते याला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. लांब पल्ल्याची गोळी निवडणारा खोक्यावर आधी तोच आकडा पाहतो.

सोलापूरची हवाही वर्षभर एकसारखी नसते. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांवर असताना आणि मे महिन्यात भर दुपारी ४२ वर असताना हवेची घनता मोजली तर मेमधली हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ भरते. तीच रायफल, तीच गोळी, पण उन्हाळ्यात ती चारशे मीटरवर थोडी वर लागेल. त्यात दारूही तापते, तापलेली दारू नळीत जास्त दाब निर्माण करते. लंडनचे बंदूकवाले भारतात पाठवायच्या शिकारी रायफलींसाठी कॉर्डाइट या दारूचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवत, नाहीतर इथल्या उन्हात दाब धोक्याच्या पातळीवर जाई. आणि उन्हाचा एक उपकारही आहे. तापलेल्या जमिनीवर मृगजळाच्या लाटा उठतात, त्या दुर्बिणीतून पाहिल्या तर वाऱ्याबरोबर एका बाजूला वाहताना दिसतात. मुरलेला नेमबाज त्या लाटांच्या कलावरून वारा वाचतो. लाटा सरळ वर उकळताना दिसल्या की वारा पडला, किंवा नजरेच्या रेषेतच वाहतो आहे.

नळीच्या आत पेचदार खाचा असतात. गोळी त्यांत दाबली जाऊन पिळत बाहेर येते. दहा इंचांत एक फेरा या बेताने खाचा असतील तर आपली गोळी सेकंदाला तीन हजारांहून जास्त, मिनिटाला एक लाख नव्वद हजारांच्या वर फेरे घेत सुटते. फिरणारा भोवरा उभा राहतो तशी ती नाक पुढे ठेवून राहते. न फिरवता सोडली तर चार हातांवरच उलटीपालटी होईल. गोळी जितकी लांब तितका पीळ जास्त हवा. जुन्या नळीत नवी लांबलचक गोळी घातली तर ती अनेकदा आडवीच लक्ष्यावर आदळते आणि कागदाला गोळीच्या बाजूच्या आकाराचं भोक पडतं. याखेरीज पृथ्वीही फिरते आहे. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेसतरा अंशांवर, तिथे चारशे मीटरच्या प्रवासात पृथ्वीच्या फिरण्याने गोळी पाच मिलिमीटर उजवीकडे सरकते. शिकाऱ्याने तो फरक सोडून द्यावा इतका तो लहान. पण पाऊण सेकंदाहून कमी वेळात, एका माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपल्या पायाखालचा ग्रह फिरतो आहे याची खूण त्या गोळीत उमटते, हे मला विसरता येत नाही.

इथवर सगळं उडण्याचं. उडण्यासाठी उत्तम गोळी म्हणजे लांब, जड, टोकदार, कडक, आकार मुळीच न बदलणारी. आणि नेमकी अशी गोळी हरणासाठी वाईट. कडक टोकदार गोळी छातीतून बारीक भोक पाडत आरपार जाते आणि उरलेला सगळा वेग पलीकडच्या मातीत खर्च करते. जनावर जखमी होऊन पळतं आणि तासाभराने कुठे तरी बसून मरतं. हरणाला झटकन मरण यायचं तर गोळीने अंगात शिरताक्षणी आपला आकार बदलायला हवा. टोकाकडचं उघडं शिसं दबतं, कवच पाकळ्यांत चिरून मागे दुमडतं, व्यास दुपटीच्या घरात जातो, आणि फुप्फुसांत रुंद जखम होते. असं उमललेलं शिसं हातात घेतलं तर पुढे तांब्याच्या चार-सहा वळलेल्या पाकळ्या, मध्ये करडं, चुरगळलेलं शिसं, आणि मागचा बुंधा अजून जसाच्या तसा, त्यावर नळीच्या खाचांचे तिरके ओरखडे स्पष्ट. त्या ओरखड्यांवरून ती कुठल्या नळीतून सुटली हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा ओळखू शकते.

उमलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्याच देशात घडला. कोलकात्याजवळ डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यानंतर .३०३ च्या गोळीचं टोक कवचाबाहेर उघडं ठेवलं. सरहद्दीवरच्या लढायांत नवी, कवचबंद गोळी माणसाला थांबवत नाही अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती, तिच्यावरचा हा इलाज. जखमा इतक्या भयंकर झाल्या की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात असल्या गोळ्या वापरायला बंदी आली. आज ब्रिटनमध्ये हरणांच्या शिकारीचा कायदा याच्या बरोबर उलट सांगतो: हरणावर झाडायची गोळी उमलणारीच हवी, साधी कवचबंद चालणार नाही. माणूस जखमी होऊन जगावा आणि हरीण जखमी होऊन जगू नये, अशी दोन टोकांची दया या दोन नियमांत आहे, आणि दोन्ही नियम मला पटतात.

मग लांब पल्ल्याचा पेच उभा राहतो. उमलणं वेगावर अवलंबून असतं. आपली गोळी ८२० मीटरने सुटली तरी चारशे मीटरवर तिचा वेग ५७५ च्या आसपास उरतो, आणि ऊर्जा निम्म्यावर येते. बऱ्याच जुन्या घाटाच्या गोळ्या साडेपाचशेच्या खाली नीट उमलतच नाहीत. म्हणून टोक मऊ करावं, कवच पातळ करावं, तर हेच हरीण उद्या पन्नास मीटरवर अचानक समोर येतं, गोळी पूर्ण वेगात खांद्याच्या हाडावर आदळते आणि कातडीखालीच फुटून तिचा चुरा होतो. आत पोचत नाही. एकाच खिशातल्या एकाच गोळीने जवळ घट्ट राहायचं आणि दूर सहज उमलायचं, ही मागणी शिशाच्या एका तुकड्याकडून केली जाते.

१९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकी गृहस्थ कॅनडात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे चिखलाने माखलेलं, घोड्याहून मोठं हरीण. त्याच्या जोरदार रायफलीच्या गोळ्या चिखलाच्या थरावर आणि जाड कातड्यावरच फुटत गेल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. भिंतीच्या पुढचं शिसं फुटून उमलेल, मागचं भिंतीआड शाबूत राहून आत घुसत जाईल. १९४८ पासून ही 'पार्टिशन' गोळी विकली जाते, आजही. पुढे कोणी शिसं आणि कवच एकमेकांना वितळवून जोडलं. कोणी टोकात पोकळी ठेवून तीवर प्लॅस्टिकची अणी बसवली, जी उडताना हवा कापते आणि आदळताच आत दबून पाकळ्या उघडते. कोणी शिसं सोडून अख्खी गोळी तांब्याची केली. माझ्या दृष्टीने या सगळ्यांत प्लॅस्टिकच्या अणीची युक्ती सर्वांत देखणी, कारण उडण्याची आणि उमलण्याची दोन विरोधी कामं तिने गव्हाएवढ्या तुकड्यात एकत्र आणली. तांब्याच्या गोळीला दुसरं कारणही मिळालं. शिशाच्या गोळीचे कण जनावराच्या मांसात दूरवर विखुरतात, टाकून दिलेली आतडी खाणारी गिधाडं आणि गरुड त्याने विषबाधा होऊन मरतात. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डॉर गिधाडांसाठी त्या राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते, जास्त पीळ मागते, आणि कमी वेगात उमलायला कुरकुरते. एक अडचण सोडवली की दुसरी पुढे येते.

आपल्याकडच्या परवान्याच्या रायफलीची गोष्ट यात वेगळीच बसते. ब्रिटिश सरकारला लष्करी .३०३ ची काडतुसं लोकांच्या हाती नको होती. म्हणून नागरिकांसाठी .३१५ आलं, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी आयुध कारखान्यांनी तेच पुढे चालू ठेवलं. पिकांच्या राखणीचा परवाना असलेल्या अनेकांच्या घरी भिंतीवर हीच असते. तिची गोळी २४४ ग्रेनची, जड आणि बोथट नाकाची, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. दोनशे मीटरवरच ती अंदाजे पाऊण मीटर खाली आलेली असते. डुकराला हुसकावायला, जवळच्या अंतराला ती ठीक, लांबच्या माळासाठी ती बनलेलीच नाही. महाराष्ट्राचं दारूगोळ्याशी नातं मात्र जुनं आहे: पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा १९६० च्या दशकातला, आणि सैन्याच्या रायफलींची काडतुसं तिथून देशभर जातात.

आता समजा सगळं जमलं. अंतर बरोबर, वारा वाचला, गोळी आदर्श. चाप ओढल्यावर ०.५८ सेकंद उरतात. चरणारं हरीण सेकंदाला एक मीटर या सहज चालीने पुढे सरकलं, तर तेवढ्यात अर्ध्या मीटरहून जास्त जातं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. त्याला गोळी सुटल्याचं कळत नाही, कारण बाराचा आवाज चारशे मीटर यायला एक सेकंदाहून जास्त घेतो. गोळी आवाजाच्या कितीतरी आधी पोचते. कोल्ह्या-लांडग्याची चाहूल ऐकण्यासाठी घडलेले ते टवकारलेले कान इथे काहीच कामाचे नाहीत. जनावराने सहज म्हणून टाकलेलं एक पाऊल कुठल्याही कारखान्याला, कुठल्याही गुणांकाला पकडता येत नाही. म्हणून परदेशातले जाणते शिकारी लांबच्या नेमाची बढाई मारणाऱ्याला मान देत नाहीत आणि शक्य तितकं जवळ सरपटत जायला सांगतात. गोळी निवडण्याच्या साऱ्या विद्येत मला हाच सल्ला सर्वांत शहाणा वाटतो.

जवळ जाण्याची विद्या या मुलखात रायफलीपूर्वी फार पुढे गेलेली होती. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या चालीने चालत, कळपाजवळ पोचत आणि फासे लावत. काळवीट गाईगुरांना भीत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. कोल्हापूर दरबारात पाळलेले चित्ते डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून माळावर नेत. गाडी शेतकऱ्याची समजून कळप बेसावध राहिला की टोपी काढायची, आणि पुढचं काम चित्त्याचं. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. गोरे साहेबही बैलगाडीच्या आडूनच काळवीट मारू लागले. जनावराच्या स्वभावाचं एवढं बारीक ज्ञान ज्यांच्याकडे होतं त्या पारध्यांना ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात तर त्यांच्यासारख्या जमातींसाठी तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी केली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का अजून पुरता पुसला गेलेला नाही, आणि याचा मला फार राग येतो.

गोळीची निवड आज महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने जिवंत आहे ती नेमबाजीच्या मैदानावर, पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीत आणि कोल्हापुरात. अंतर पन्नास मीटर, लक्ष्य कागदाचं किंवा पडद्यावरचं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर, पालथं झोपून मारायच्या रायफल प्रोनमध्ये, ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेत नोकरी करणारा, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला. या खेळात मधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. ती २.६ ग्रॅमची, नुसत्या शिशाची, कवच नसलेली, वरून वंगण लावलेली. तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात. आवाजाहून वेगाने सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाच्या खाली येते तेव्हा हवेचे धक्के तिला हलवतात, ती डळमळ इथे परवडत नाही. उमलण्याची गरजच नाही, त्यामुळे सगळी विद्या एकाच गोष्टीवर एकवटते: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच असावी.

आणि तशी ती कधीच नसते. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट होतात. कागदावर सगळे सारखे. पण एका नळीतून एक लॉट अगदी थोड्या फरकात मारा करतो आणि दुसरा त्याच नळीतून विखुरतो. शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीत नेमकं उलट होतं. याचं पुरतं कारण आजही गणिताने आधी सांगता येत नाही. म्हणून मोठे नेमबाज इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांच्या चाचणीगृहांत आपली रायफल घेऊन जातात. ती शिकंज्यात आवळून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात, भोकांचे पुंजके मोजतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवेल त्याची पुढच्या कितीतरी महिन्यांची खोकी एकदम विकत घेतात. खोकी संपत आली की पुन्हा नवे लॉट, पुन्हा तोच शिकंजा, पुन्हा दहा-दहा गोळ्या.